बंदीच्या ६१ दिवसांतलं आणखी एक काम : अक्कलदाढ काढायची की राहू द्यायची?



बंदी दारात आली आहे. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस ट्रॉलर आणि पर्ससीन जेटीला. या दिवसांत काय काय करायचं याची यादी प्रत्येक बोटमालकाच्या डोक्यात तयार असते. इंजिन उघडायचं, पंखा तपासायचा, तळाला रंग द्यायचा, जाळी दुरुस्त करायची, कागदपत्रं नवी करून घ्यायची. बोटीचा खिळा न् खिळा बघितला जातो. बोटीवर चढणाऱ्या माणसाचं तोंड मात्र कुणी उघडून बघत नाही.

म्हणून आज दातांवर, त्यातही एकाच दातावर बोलायचं आहे : अक्कलदाढ. मोसमात समुद्रावर दाताचं जे दुखणं निघतं, त्यात ही दाढ पुष्कळदा असते. आणि ती काढावी की ठेवावी यावर घराघरांत दोन मतं असतात. कुणी म्हणतं, दुखत नाही तर कशाला हात लावायचा? कुणी म्हणतं, चारही काढून मोकळं व्हा. दोन्ही बाजूंत थोडं थोडं खरं आहे. कुठे काय खरं, ते नीट समजून घेऊ.

ही दाढ अडकते का?

अक्कलदाढ म्हणजे जबड्याच्या अगदी टोकाची, सगळ्यांत शेवटी येणारी दाढ. साधारण १७ ते २५ या वयात ती येते, म्हणून तिला अक्कलदाढ म्हणतात. वर दोन, खाली दोन अशा चार. पण सगळ्यांना चारही येतात असं नाही. कुणाला दोनच येतात, कुणाला एकही नाही. त्यात काळजीचं काही नाही.

जबड्यात जागा असेल तर ती इतर दाढांसारखी सरळ येते आणि चावायला उपयोगी पडते. जागा नसेल तर मात्र तिरकी येते, आडवी पडते, अर्धी वर येऊन थांबते, किंवा हाडातच राहते. जेटीवर जागा नसताना शेवटची बोट आडवी घुसवली की शेजारच्या बोटीला घासते, तसंच हे.

सगळ्यांत जास्त त्रास देते ती अर्धी आलेली खालची दाढ. तिच्या डोक्यावर हिरडीची एक झडप राहते. झडपेखाली भाताचं शीत, माशाचा कण अडकतो. ब्रश तिथे पोहोचत नाही. मग हिरडी सुजते, लाल होते, पू होतो, तोंडाला वास येतो, गिळताना कानापर्यंत कळ जाते. मीठ-पाण्याच्या गुळण्या केल्या की चार दिवसांत बरं वाटतं आणि माणूस विसरून जातो. दोन-तीन महिन्यांनी तेच पुन्हा.

मागच्या मोसमातली एक फेरी

मागच्या मोसमात आपल्या एका सभासदाच्या ट्रॉलरवर नेमकं हेच झालं. खलाशी तेवीस वर्षांचा. बंदरात असतानाच उजवीकडची हिरडी दुखत होती. त्याने फार्मसीतून गोळ्या घेतल्या आणि फेरीला चढला. असं दुखणं त्याला त्याआधी दोनदा येऊन गेलं होतं, पण ते कुणाला माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी गाल सुजला. पाचव्या दिवशी ताप, तोंडात दोन बोटंही जाईनात, पेजसुद्धा गिळता येईना. तांडेलाने बोट वळवली.

बर्फ होता, डिझेल होतं, मासळीही मिळत होती. फेरी अर्धी राहिली. मालकाचं नुकसान झालं, बाकीच्या खलाशांचा वाटा कमी झाला, आणि ज्याचं दुखत होतं तो पोरगा सगळ्यांपुढे मान खाली घालून बसला होता. इस्पितळात पू काढावा लागला. सूज उतरल्यावर दाढ काढली.

तांडेलाने केलं ते बरोबरच केलं. असल्या सुजेचं पुढे काय होऊ शकतं ते खाली सांगितलंच आहे. पण त्या पोराची दाढ बंदीत एकदा बघितली असती तर ही फेरी पुरी झाली असती.

कुठे शंका नको

काही गोष्टी झाल्या असतील तर दाढ काढण्याबद्दल डॉक्टरांमध्ये फारसा मतभेद नाही. दाढ इतकी किडली आहे की भरून उपयोग नाही. हिरडीत किंवा हाडात पू झाला आहे. दाढेभोवती हाडात पाण्याची गाठ तयार झाली आहे. आडव्या दाढेमुळे पुढची चांगली दाढ किडायला किंवा झिजायला लागली आहे. अशा वेळी ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणण्यात फायदा नाही. पुढची दाढ तर जपायलाच हवी, कारण खरं चावण्याचं काम ती करते. एक निरुपयोगी दाढ ठेवण्याच्या नादात दोन दाढा गमावल्या असं होऊ नये.

हिरडी सुजण्याबद्दल एक उपयोगी नियम आहे. इंग्लंडमधल्या नाइस या सरकारी संस्थेने २००० साली अक्कलदाढेबद्दल सूचना काढल्या. त्यांचं म्हणणं असं : पहिल्यांदा हिरडी सुजली आणि दुखणं फार मोठं नसेल, तर तेवढ्यावरून दाढ काढू नये. साफसफाई आणि उपचार करून बघावं. पण पहिलीच सूज फार जोराची असेल, किंवा दुसऱ्यांदा तेच झालं, तर काढण्याचा विचार करावा. म्हणजे मोजणी ठेवा. ‘मधे मधे दुखते’ असं डॉक्टरला सांगून भागत नाही. कितव्यांदा, कोणत्या महिन्यात, किती दिवस, तोंड उघडत होतं की नाही, ते सांगा.

कुठे हात लावू नये

त्याच सूचनांत दुसरी बाजूही आहे. ज्या दाढेला कसलाही आजार नाही, ती केवळ अडकली आहे म्हणून काढू नये. ऑपरेशन म्हटलं की धोका थोडा तरी असतोच, आणि ज्याला कधी त्रास होणारच नव्हता त्याने तो धोका का घ्यावा, असा त्यामागचा विचार. अमेरिकेत मात्र तरुणपणीच, त्रास व्हायच्या आधी दाढा काढून टाकण्याची पद्धत खूप रुळलेली आहे. त्यावर तिथल्याच डॉक्टरांनी टीकाही केली आहे. आणि इंग्लंडमध्ये सूचना आल्यानंतरच्या वर्षांत असंही दिसलं, की दाढा ठेवल्या गेल्या आणि त्यातल्या काहींच्या शेजारच्या दाढा मागून किडल्या. मग त्या अक्कलदाढा जास्त वयात काढाव्याच लागल्या.

यातून आपण घ्यायचं ते एवढंच. सरळ आलेली, वरच्या दाढेशी नीट बसणारी, ब्रश पोहोचणारी दाढ असेल तर ती ठेवा. हाडात पूर्ण गाडलेली, एक्स-रेमध्ये स्वच्छ दिसणारी आणि कधी न दुखलेली दाढ असेल, विशेषतः वय चाळिशीच्या पुढे असेल, तर तीही बहुतेक वेळा शांतपणे राहू द्यावी. पण ‘राहू द्या’ म्हणजे ‘विसरून जा’ नव्हे. दर वर्षी-दोन वर्षांनी डॉक्टरला दाखवायची, आणि ते म्हणतील तेव्हा एक्स-रे काढून बघायचा. ही तपासणी केली नाही तर दाढ ठेवली असं म्हणता येत नाही, ती नशिबावर सोडली असंच म्हणावं लागेल.

मधल्या लोकांचं काय?

अवघड प्रश्न मधल्या लोकांचा आहे. दाढ अर्धी आलेली आहे, तिरकी आहे, एकदा हलकीशी सुजून गेली आहे, आता काही नाही. पणजीत दुकान चालवणाऱ्या माणसाला डॉक्टर सांगतील, थांबा आणि लक्ष ठेवा. ते बरोबरच आहे. त्याला रात्री दुखलं तर सकाळी दवाखाना उघडा आहे.

आपलं तसं नाही. आठ-दहा दिवसांच्या फेरीवर गेलेल्या माणसाला दुखलं तर दवाखाना एका दिवसाच्या वाटेवर असतो. हा फरक आम्ही कौतुकाने सांगत नाही. वैद्यकीय सूचनांतही तो मानला गेला आहे. स्कॉटलंड हा मासेमारीचा देश. तिथे डॉक्टरांसाठी काढलेल्या सूचनांत असं म्हटलं होतं, की ज्यांच्या दाढेत पुढे त्रास होण्याची चिन्हं आहेत आणि ज्यांच्या कामामुळे किंवा राहणीमुळे दातांच्या डॉक्टरपर्यंत सहज पोहोचता येत नाही, अशा माणसांची अडकलेली दाढ काढणं योग्य ठरतं.

यातलं ‘आणि’ महत्त्वाचं आहे. नुसतं समुद्रावर जातो म्हणून निरोगी दाढ काढायची नाही. पण दाढेत धोक्याची चिन्हं आहेत आणि माणूस दिवसचे दिवस किनाऱ्यापासून लांब असतो, असं दोन्ही असेल, तर पारडं काढण्याकडे झुकतं. धोक्याची चिन्हं म्हणजे अर्धी आलेली खालची दाढ, वारंवार अन्न अडकणं, पुढच्या दाढेला तिरकी टेकलेली दाढ, झडपेखालून येणारी घाण चव.

म्हणून डॉक्टरकडे गेलात की आपण काय काम करतो हे आधी सांगा. ‘मी ट्रॉलरवर तांडेल आहे, दहा-दहा दिवस बाहेर असतो’, हे वाक्य त्यांच्यासाठी एक्स-रेइतकंच कामाचं आहे. रोज संध्याकाळी घरी येणारा, होडीने जवळ मासेमारी करणारा किंवा रापण ओढणारा असेल, तर त्याचं उत्तर वेगळं येऊ शकतं. एकाच घरातल्या दोन भावांना दोन वेगळे सल्ले मिळाले तर त्यात डॉक्टरची लबाडी नाही.

एक्स-रे आणि चार प्रश्न

निर्णय तोंडात बघून होत नाही. पूर्ण जबड्याचा एक्स-रे लागतो, त्याला ओपीजी म्हणतात. मशीन डोक्याभोवती फिरतं, काही सेकंदांत होतो, दुखत नाही. त्यात चारही दाढा, त्यांची मुळं आणि खालच्या जबड्यातून जाणारी नस दिसते. मूळ नसेच्या अगदी जवळ वाटलं तर डॉक्टर त्याच जागेचा थ्रीडी स्कॅन सांगतात.

एक्स-रे बघत असताना डॉक्टरला हे चार प्रश्न विचारा. ही दाढ नेमक्या कोणत्या कारणासाठी काढायची? आत्ता नाही काढली तर काय होऊ शकतं? मूळ नसेपासून किती लांब आहे? आणि काढणार कोण, तुम्ही की तोंडाच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ? चार दाढा एकदम काढा असं सांगितलं तर प्रत्येक दाढेचं कारण वेगळं विचारा. वरची दाढ बहुतेक वेळा सोपी असते, खालची आडवी दाढ कठीण. उत्तर पटलं नाही तर तोच एक्स-रे घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जा. एक्स-रे तुमचा आहे, मागून घ्या.

खर्चही आधीच विचारा, एक्स-रे, औषधं, टाके, नंतरच्या तपासण्या सगळं धरून. खाजगीत जमत नसेल तर बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय आहे, तिथे हे काम रोजचं आहे. रांग असते, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यातच नाव घाला.

मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयाचा त्रास असेल, रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, हाडं ठिसूळ होण्यावर औषध चालू असेल, पूर्वी तोंडाला किंवा गळ्याला कॅन्सरचे शेक दिले असतील, तर ते लपवू नका. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंदही करू नका. बाई गरोदर असेल तर तेही सांगा.

धोके किती?

भीती घालायची नाही, पण लपवायचंही नाही. दाढ काढताना जागा बधिर करतात, माणूस जागा असतो, ओढल्यासारखं कळतं पण दुखत नाही. काढल्यावर सूज येते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सगळ्यांत जास्त असते, आणि आठवड्याभरात उतरते. तोंड चार-पाच दिवस कमी उघडतं.

खालच्या दाढेच्या बाबतीत खरा विचार करायचा तो नसेचा. एक नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते, दुसरी जिभेला. त्यांना धक्का बसला तर ओठ किंवा जीभ बधिर राहते. बहुतेकांचं काही आठवड्यांत, काही महिन्यांत भरून येतं. कायमचं राहणं शंभरात एकापेक्षाही कमी जणांना होतं. या नसा स्पर्शाच्या आहेत, हालचालीच्या नाहीत, म्हणून त्यांनी तोंड वाकडं होत नाही. मूळ नसेला चिकटून असेल तर दाढेचा वरचा भाग कापून मुळं तशीच ठेवण्याची पद्धतही आहे. तिच्याबद्दल विचारा.

दुसरा त्रास म्हणजे ड्राय सॉकेट. दाढ काढल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, ती जखमेचं झाकण असते. ती निघून गेली की हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सगळं बरं होत आलंय असं वाटत असतानाच, कानापर्यंत जाणारी जबर कळ सुरू होते. डॉक्टरने खड्ड्यात औषध भरलं की आराम पडतो. पण हे औषध बोटीवर नसतं. म्हणूनच सूज उतरली म्हणून चौथ्या दिवशी फेरीला निघायचं नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो.

वयाचाही फरक पडतो. विशी-पंचविशीत हाड लवचीक असतं, जखम लवकर भरते. पस्तिशीनंतर काम कठीण होत जातं. ज्याची दाढ काढायचीच ठरली आहे, त्याने दहा वर्षं ढकलून काही मिळत नाही.

जेटीवर ऐकू येणारी बोलणी

‘वरची दाढ काढली की नजर कमी होते.’ नाही होत. डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी.

‘अक्कलदाढेमुळे पुढचे दात वाकडे होतात, म्हणून काढा.’ वयाबरोबर पुढचे दात थोडे दाटतात, ते अक्कलदाढ नसलेल्यांचेही दाटतात. निव्वळ या कारणासाठी दाढ काढायला आधार नाही.

‘अँटिबायोटिक घेतलं की झालं.’ गोळीने पू आणि सूज तात्पुरती दबते. झडप तिथेच, घाण तिथेच, तर दुखणं परत येणार. आणि मेट्रोनिडाझोल नावाची गोळी दिली असेल तर ती चालू असताना आणि संपल्यावर दोन दिवस फेणीचा थेंबही नको.

‘दाढेवर ॲस्पिरिनची गोळी ठेवली की दुखणं थांबतं.’ गोळी हिरडीवर ठेवली की हिरडी भाजते. पांढरा चट्टा पडतो आणि एकाची दोन दुखणी होतात.

‘तोंड उघडत नाही, अक्कलदाढच असणार.’ हे मात्र गंभीरपणे घ्या. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील, आणि गुटखा, सुपारी, मावा खायची सवय असेल, तर कारण गालाची आतली कातडी आखडणं हेही असू शकतं. तो आजार पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, लाल किंवा पांढरा चट्टा दिसला तर दाढेचं निमित्त करून का होईना, दाखवून या.

बंदीचं वेळापत्रक

तारखा मागून मोजल्या की सोपं जातं. १ ऑगस्टला फेरीवर चढायचं असेल तर त्याआधी किमान दोन आठवडे जखमेला मिळायला हवेत. म्हणजे शेवटची दाढ १५ जुलैच्या आत निघाली पाहिजे. दोन्ही बाजूंच्या काढायच्या असतील आणि डॉक्टर एकेक बाजू करणार असतील तर पहिली बाजू जूनच्या मध्याला, दुसरी जुलैच्या पहिल्या आठवड्यात. त्यासाठी एक्स-रे मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात व्हायला हवा. हिरडी सुजलेली असेल तर आधी ती शांत करतात, मग दाढ काढतात. त्यातही आठवडा जातो.

काढल्यावरचे दिवस असे सांभाळा. पहिला अर्धा-पाऊण तास कापूस किंवा गॉज घट्ट चावून धरा. पहिले चोवीस तास थुंकणं, जोरात चूळ भरणं, नळीने पिणं बंद. बाहेरून गालाला बर्फ, फडक्यात गुंडाळून, थोडा वेळ ठेवून थोडा वेळ काढून. आपल्याकडे बर्फाची कमी नाही, पण जेटीचा बर्फ तोंडात घालू नका. दुसऱ्या दिवसापासून उकळून कोमट केलेल्या पिण्याच्या पाण्यात मीठ घालून हलक्या गुळण्या. समुद्राच्या किंवा खाडीच्या पाण्याच्या नाहीत.

खायला कोमट पेज, मऊ भात-वरण, केळं, काटा नसलेली मासळी. तिखट हुमण आणि गरम चहा दोन-तीन दिवस थांबू द्या. बिडी, सिगारेट, तंबाखू, दारू किमान तीन दिवस अजिबात नको, आठवडाभर नसेल तर उत्तम. जाळी ओढणं, इंजिन उचलणं असली जड कामं चार-पाच दिवस दुसऱ्याला द्या. शिनाण्यांसाठी बुडी मारणाऱ्यांनी डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पाण्याखाली जाऊ नये. फेरीला निघण्याआधी एकदा जखम दाखवून या.

फेरीवर दुखलंच तर

सगळ्यांचीच दाढ बंदीत बघून होणार नाही. म्हणून बोटीच्या औषधांच्या डब्यात मीठ, मऊ ब्रश, लवंगाचं तेल, पॅरासिटामॉल आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने आणखी एक वेदनाशामक असू द्या. झडपेखालची घाण मऊ ब्रशने आणि कोमट मीठ-पाण्याने दिवसातून चार-पाच वेळा साफ करणं हाच पहिला उपाय. लवंगाचं तेल कापसावर थेंबभर पुरतं, ओतायचं नाही.

५०० मिलिग्रॅमच्या पॅरासिटामॉलच्या मोठ्या माणसाला एका वेळी एक किंवा दोन गोळ्या, मधे किमान सहा तास, आणि चोवीस तासांत आठच्या वर नाही. लिव्हरचा त्रास असणाऱ्याने किंवा रोज पिणाऱ्याने त्याहून कमी, विचारून. दुखण्याच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं, म्हणून पाकीट वाचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या पोटात अल्सर, किडनीचा त्रास, दमा असणाऱ्याने किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याने आपल्या मनाने घेऊ नयेत, आणि कुणीच रिकाम्या पोटी घेऊ नयेत.

आणि तांडेलांनो, ही चिन्हं पाठ करा. जबड्याखाली दोन्ही बाजूंना कडक सूज, जीभ वर उचलल्यासारखी, लाळ गिळता न येणं, आवाज बदलणं, श्वासाला त्रास, थंडी वाजून ताप. यातलं काही दिसलं तर पू गळ्याकडे उतरतोय असं समजा. यात श्वासनलिका दबून माणूस जाऊ शकतो. फेरीचा, डिझेलचा, मासळीचा विचार त्या क्षणी बाजूला. माणसाला आडवं न झोपवता बसवून ठेवा, बोट वळवा, व्हीएचएफच्या १६ नंबर चॅनलवर कळवा. फोन लागत असेल तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४. जेटीवर १०८ ची गाडी आधीच बोलावून ठेवा.

मालक आणि खलाशी

शेवटचा मुद्दा थोडा नाजूक आहे. आपल्या बऱ्याच बोटींवरचे खलाशी बाहेरच्या राज्यांतून येतात आणि बंदी लागली की गावी जातात. त्यांच्या गावात दाताचा डॉक्टर जवळ असेलच असं नाही. ऑगस्टमध्ये ते तीच दाढ घेऊन परत येतात. म्हणून मालकांना आमचं सांगणं आहे, की गाडीत बसवण्याआधी प्रत्येकाला एवढं विचारा : मोसमात हिरडी सुजली होती का, कितीदा? ज्याचं उत्तर ‘दोनदा’ असेल त्याचा एक्स-रे इथेच काढून घ्या. जमलं तर दाढ इथेच काढून, टाके बघून मग पाठवा. नाही जमलं तर एक्स-रे आणि डॉक्टरची चिठ्ठी त्याच्या हातात द्या, म्हणजे गावच्या जिल्हा इस्पितळात त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

एका एक्स-रेचा आणि एका दाढेचा खर्च अर्ध्यावर सोडलेल्या फेरीपेक्षा कमीच असतो. पण हिशेब तेवढ्यावर थांबत नाही. ज्या पोराला वाटतं की दुखणं सांगितलं तर फेरी जाईल, पैसे कापले जातील, तो सांगत नाही. तो गोळ्या खाऊन चढतो. त्याने बंदरातच तोंड उघडून सांगावं असं वाटत असेल, तर सांगितल्यावर त्याचं नुकसान होणार नाही हे त्याला आधी कळायला हवं. हे मालकाच्या हातात आहे आणि तांडेलाच्या.

घरातल्या अठरा-वीस वर्षांच्या मुला-मुलींनाही विचारा. बाजारात बसणाऱ्या आपल्या बायका तर स्वतःचं दुखणं कधीच सांगत नाहीत, त्यांनाही विचारा.

तर या बंदीत इंजिन उघडाल तेव्हा एक दिवस तोंडही उघडा. दाढ काढायची की ठेवायची हे एक्स-रे बघून आणि तुमचं काम ऐकून डॉक्टर आणि तुम्ही मिळून ठरवा. दुखायची वाट बघू नका.

ही पोस्ट आपल्या बोटीच्या ग्रुपवर टाका. मराठी न वाचणाऱ्या खलाशांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा. कुणाचा अनुभव असेल तर खाली लिहा, दुसऱ्याला उपयोगी पडेल.